मशीनला विचारू

समजा, घरात एक काम असं आहे की ते फक्त तुम्हालाच नीट जमतं, असं सगळे म्हणतात. आणि एके दिवशी तेच लोक म्हणू लागतात की तुमच्यामुळेच मशीन मेलं. कसं वाटेल? सहावीतल्या अर्शीचं नेमकं तसंच झालं.

सोलापुरात तिचे दादा, म्हणजे आजोबा पीरसाब, झाडं कापायची मशीनं दुरुस्त करायचे. पुढं दुकान, मागं घर. या मशीनच्या छोट्या इंजिनात ऑइलसाठी वेगळी जागा नसते, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पेट्रोल दादा ओतायचे. ऑइल मात्र अर्शी मोजायची, खोकल्याच्या औषधाच्या मापट्यानं, डोळा अगदी रेघेशी नेऊन. त्या मापट्याला दुसरं कुणी हात लावायचं नाही.

त्या दुपारी तिचा आसिफचाचा दुकानातलं एक मशीन घेऊन चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्यावर फांद्या तोडायला गेला होता, तो धुळीनं पांढरा होऊन परत आला. मशीनचा जोर गेला होता, आणि आता तर ते चालूच होत नव्हतं. पाणी प्यायच्या आधीच त्यानं निकाल दिला.

"ऑइल कमी पडलं, पिस्टन घासला. पोरीच्या हातात मापटं दिलं की हेच व्हायचं. उद्यापासून हिला दुकानात येऊ देऊ नका."

दादांनी मापटं उचलून आपल्या खिशात टाकलं. अर्शीचे डोळे भरून आले.

"रडू नको," दादा म्हणाले. "आधी मशीनला विचारू की."

"मशीन बोलतंय व्हय?"

"लई बोलतं. फक्त कानानं न्हाई, डोळ्यानं ऐकायचं."

तेवढ्यात जुलेखादादीनं चहा आणला. कप इतके लख्ख होते की दादांनी आपली दाढी त्यात बघून घेतली. मग एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. चहाला पेट्रोलचा वास येतोय, अशी त्यांची आठवडाभराची तक्रार होती. वास चहाला नसून तुमच्या हाताला हाय, हे दादीचं उत्तरही आठवडाभराचंच होतं.

दादांनी मशीन चालू करायची दोरी धरून ते लटकवलं. इंजिन धडधाकट असेल तर आत दाबली गेलेली हवा पिस्टनला अडवते आणि मशीन गचके खात सावकाश खाली येतं. हे सर्रकन खाली आलं. दादांनी ते गुडघ्यावर झेललं.

म्हणजे हवा पिस्टनच्या बाजूनं निसटत होती. पिस्टन झिजला होता, एवढं खरं. पण कशानं?

सायलेन्सर काढून दादांनी अर्शीच्या हातात मोबाइलचा टॉर्च लावून दिला. ऑइल कमी पडलं असेल, तर धूर बाहेर पडतो त्या बाजूला पिस्टन आधी भाजतो, कारण तिथं आग जास्त. धातू वितळून फासल्यासारखा दिसतो. अर्शीनं श्वास रोखून आत पाहिलं.

"गुळगुळीत हाय की, दादा."

"नीट बघ, गं," म्हणत चाचानं स्वतः एक डोळा लावला, मग दुसरा.

अर्शीला आता रडण्यापेक्षा दुसरंच काहीतरी वाटू लागलं होतं. "धुराच्या बाजूला न्हाई, तर हवा येते त्या बाजूला बघू या का?"

दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग कार्बोरेटर काढण्यासाठी वरचं झाकण उघडलं. त्यांचा हात तिथंच थांबला. हवा गाळणाऱ्या फोमच्या फिल्टरची जागा रिकामी होती. कार्बोरेटर काढला, तर मागं पिस्टनवर उभेच्या उभे, मळकट ओरखडे, काचपेपरनं घासल्यासारखे. रस्त्यावरची सगळी धूळ न गाळता आत गेली होती.

"फिल्टर कुटं हाय रं?"

"मला काय ठावं? मी नुसतं झाकण लावलं. म्हटलं, तुमी बसवला आसंल."

दुकानाची रीतच तशी होती. फिल्टर धुणार दादा, बसवणार चाचा. दादांनी तो पेट्रोलनं धुतला होता, वाळायला ठेवला होता, आणि बसवणारा बसवेल म्हणून विसरून गेले होते.

"वाळायला कुटं ठेवला, दादा?"

"मोरीच्या कट्ट्यावर."

अर्शीनं दादांचा कप उचलून हुंगला. मग ती मोरीकडं धावली आणि फेसानं माखलेला फोमचा चौकोनी तुकडा घेऊन आली. मागोमाग दादी.

"माझी घासणी दे इकडं," दादी म्हणाली. "कपाचे डाग कसे निघतात बघ. कट्ट्यावर सापडली गं. म्हटलं, एवढ्या वर्षांत ह्यांना एकदा तरी घरासाठी काही आणायचं सुचलं."

चाचा आभाळाकडं बघू लागला. दादांनी खिशातून मापटं काढलं, शर्टाला पुसलं आणि अर्शीच्या हातावर ठेवलं.

तिनं ते ठेवून घेतलं. मग फिल्टर साध्या पाण्यात खळबळून काढला, दोन चिमटे लावून दुकानातल्या दोरीवर वाळत घातला, त्याच्या बरोबर खाली स्टूल मांडलं आणि दादांना त्यावर राखणीला बसवलं. चहा त्यांना तिनं स्टीलच्या ग्लासात दिला. ग्लास तिनं स्वतः विसळला होता, नुसत्या हातानं.