पन्नास कप मीठ

हिशेब अर्धवट राहिला की मोमचिलोला धड बसवत नसे आणि उभंही राहवत नसे. मैलांचे किलोमीटर, सासऱ्यांच्या वहीतल्या जुन्या वजनांचे किलो, सगळं तो कॉम्प्युटरच्या काळ्या चौकटीत टाइप करी आणि खाली उत्तर उमटे. चौकटीतल्या त्या आज्ञावलीला घरची मापंही शिकवता येत. सासूबाईंचा कॉफीचा कप त्याने तिला शिकवून ठेवला होता: एक कप म्हणजे साठ ग्रॅम मीठ.

दर नोव्हेंबरात खाऱ्या पाण्यात कोबी आंबवायचं पिंप सासूबाई, म्हणजे देसांकाबाई, चाळीस वर्षं अंदाजाने भरत आल्या होत्या. यंदा ते काम त्याने हट्टाने मागून घेतलं.

"भरा की जावईबापू," त्या म्हणाल्या. "फक्त बिघडलं, तर स्लावाला तीस पाहुण्यांना दारात उभं राहून तुम्ही सांगायचं, की सार्मा नाही."

स्लावा हा घरच्या संताचा सण. त्या दिवशी आंबवलेल्या कोबीच्या पानांत सारण गुंडाळून केलेला सार्मा नसला, तर सबंध चाचाक गाव वर्षभर दुसरं काही बोलत नाही. मोमचिलोची झोपच उडाली.

त्याने गड्डे रचले, साठ लिटर पाणी मोजलं, पन्नास कपांचे किलो किती ते कॉम्प्युटरला विचारलं, आणि तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. वाटेतूनच त्याने बायकोला फोन लावला.

"रुझित्सा, पडद्यावर उत्तर आहे बघ. तेवढे किलो मीठ घाल."

"इथे दोन ओळी आहेत."

"असतातच," तो म्हणाला, आणि समोर साहेब दिसले म्हणून त्याने फोन ठेवला.

वरच्या ओळीत तीन होते, खालच्या ओळीत शून्य पूर्णांक तेहेतीस. ती आज्ञावली सुलटं उत्तर देऊन खाली त्याचं उलटंही, म्हणजे एक भागिले तीन, देते, हे रुझित्साला कुणी सांगणार? उत्तर शेवटच्या ओळीत असतं, एवढं तिला शाळेपासून ठाऊक होतं. तिने किलोचा तिसरा हिस्सा मीठ घातलं.

दुपारी देसांकाबाईंनी बोट बुडवून चाखलं. "आंघोळीचं पाणी," असं पुटपुटून त्यांनी एक किलोची पिशवी ओतली. संध्याकाळी मोमचिलो धापा टाकत आला, बायकोकडून आकडा काढून घेतला आणि कमी पडलेलं दोन किलो सहाशे सदुसष्ट ग्रॅम तोलून ओतलं. मागे तळघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

"मी घातलंय एक किलो."

"सांगायचं नाही का, आई?"

"तुम्ही कॉम्प्युटरला विचारलंत. मला कुठे विचारलंत? आता अंडं आणा. जेमतेम वर आलं की मीठ बरोबर."

तो धावत वर गेला, हाताला आलं ते अंडं घेऊन धावत खाली आला. अंडं चांगलं डोकं वर काढून तरंगलं. एक बादली खारं पाणी काढून साधं ओतलं. अंडं तसंच. दुसरी बादली झाली, तिसरी झाली. पाच बादल्यांनी मोमचिलोच्या पोटऱ्या भरून आल्या, पण अंडं काही खाली जाईना. शेवटी न राहवून त्याने ते पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात टाकलं. तिथेही ते तरंगलं.

देसांकाबाईंनी चष्मा लावला. "हे कुठून आणलंत?"

"वरून. संताच्या तसबिरीखाली होतं."

"अहो, हे ईस्टरचं राखणीचं अंडं. कांद्याच्या सालींत मीच रंगवलेलं, एप्रिलमध्ये. वाळून पोकळ झालंय. ते घराची राखण करतं, मिठाची नाही."

आता पिंपात मीठ किती, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. मोमचिलोला दारात उभे तीस पाहुणे दिसू लागले आणि तो खरोखर रडायच्या बेतात आला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, बाही वर सारली आणि बोट बुडवलं.

"घाला एक कप. अजून एक. अजून."

तेविसाव्या कपाला त्या "बस" म्हणाल्या.

जानेवारीत स्लावाला सार्माचं पातेलं दोनदा रिकामं झालं. शेजारणींनी मिठाचं प्रमाण विचारलं. मोमचिलोने सासूबाईंकडे पाहिलं.

"आमचे जावई कॉम्प्युटरवर काढतात," देसांकाबाई शांतपणे म्हणाल्या. "एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही."

जेवणं आटोपेपर्यंत गल्लीतल्या पाच पिंपांचं मीठ मोमचिलोच्या गळ्यात पडलं होतं. तो सगळ्यांना हसून हो म्हणाला आणि मग सासूबाईंच्या कानाशी वाकला.

"आई, येत्या नोव्हेंबरात तुम्ही कुठे गावाला जाणार नाही ना?"