निरंकचा दाखला

पोस्टकार्डाची खालची कड दीड सेंटीमीटर दुमडलेली होती. रंजिता मॅडमनी पट्टी लावून पाहिली. तेरापैकी अकरा कार्डांची घडी त्याच मापाची होती, म्हणजे ती शाळेतून टपालपेटीपर्यंत कंपासपेटीत घालून नेलेली होती. उरलेल्या दोन मुलांकडे बहुधा कंपासपेटी नसावी.

मजकूर तेराही कार्डांवर एकच होता. 'आमच्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी रंजिता मॅडम यांची अन्यायकारक बदली त्वरित रद्द करावी, ही नम्र विनंती.' पत्ता जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यांचा होता. तिथून ती कार्डं 'आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी' असा शेरा घेऊन खुद्द रंजिता मॅडमकडेच आली होती.

"बदली अन्यायकारक आहे, हे या मुलांना कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगाले कसाले लागस, मॅडम," वरिष्ठ लिपिक हिंमतराव अहिराणीत म्हणाले. "तुमनं तोंड पाहीसनच समजस."

बदली मॅडमनी स्वतः मागितली होती. चार वर्षं, दर मे महिन्यात एक अर्ज. त्यांची मुलगी नाशिकला मावशीकडे राहत होती आणि यंदा बारावीत होती. पुढच्या वर्षी ती शिकायला कुठेतरी लांब जाणार. आईबरोबर एका घरात राहायचं एवढं एकच वर्ष शिल्लक होतं. आदेश आला, त्यात जुलैअखेरपर्यंत नाशिकला रुजू व्हायचं होतं, नाहीतर आदेश आपोआप रद्द. त्या दिवशी सगळ्या कार्यालयासमोर हिंमतरावांनी विचारलं होतं, "कोना पुढारीनं काम शे हाई?" आठ वर्षं जिथे आपलं मानलं गेलं, तिथे 'माझंच काम आहे' असं म्हणायला मॅडमची जीभ रेटली नाही. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तालुक्याने त्याच संध्याकाळी लावून टाकला.

आता अडचण अशी होती की एकही अर्ज शिल्लक नाही, असा निरंकचा दाखला जोडल्याशिवाय कार्यमुक्तीच्या कागदावर सही होत नाही.

"तेराच आहेत. निरंक लिहून टाकू या का?" मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदाच असं काही सुचवलं.

हिंमतरावांनी चष्मा काढला. "मॅडम, दोन अर्ज बाकी व्हतात आनि मी निरंक लिखं, तव्हय तुमीच माले नोटीस देयेल व्हती. ती मन्हा सेवापुस्तकमा शे."

मॅडमनी एका दुपारी तेरा उत्तरं लिहिली. 'आपल्या भावना पोहोचल्या. बदली ही प्रशासकीय बाब आहे.' खाली सही, बाजूला गोल शिक्का. हिशेब संपला, असं त्यांना वाटलं.

आठवड्याने टपालवाल्याने पोतं आणून टाकलं. त्यात सहाशे बारा कार्डं होती.

"हे कसं झालं?"

"त्या तेरामा वाहरूना पोऱ्या व्हता, त्याले तुमनं पत्र गयं ना," हिंमतराव म्हणाले. "गोल शिक्का मारेल, पोऱ्यानं नाव लिखेल. वाहरूनी ते देव्हारामा लाई दिधं. आते अख्खा गावना पोऱ्यासले शिक्कानं पत्र पाहिजे."

"आणि पहिल्या तेरांचं काय?"

"तुमना पत्रले त्यासनं परत उत्तर येल शे. तेरानं तेरा."

त्याला जबाबदार मॅडमच होत्या. वर्गात लिहिलेलं प्रत्येक पत्र खरोखर टपालात टाकायचं आणि आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर द्यायचं, हा उपक्रम त्यांनीच तालुकाभर सुरू केला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला फारसा प्रतिसाद नव्हता. त्याची कारणं शोधणारा सात पानी अहवालही त्यांनी लिहिला होता.

आता मॅडम रोज साठ उत्तरं लिहीत आणि रोज सत्तर-ऐंशी कार्डं येत. त्यांनी आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढून पाहिल्या. जुलै संपेपर्यंत त्या कुठेही एकमेकींना छेदत नव्हत्या. त्या रेषा मागे लांबवल्या, तर जूनच्या मध्यात भेटत. म्हणजे आदेश आला, त्याच दिवशी.

"हे तोरणमाळचं कार्ड आहे. तो आपला तालुकाच नाही," एकदा त्या हताश होऊन म्हणाल्या.

"तालुका नई ते नई. पत्र तं ऊनं ना," हिंमतरावांनी नोंद घेतली.

शेवटी त्या म्हसावदजवळच्या शाळेत गेल्या. पहिली तेरा कार्डं तिथूनच निघाली होती. मराठी शिकवणारे आफताब सर फाटकापर्यंत धावत आले.

"सर, ही पत्रं थांबवता येतील का?"

"थांबवू कशी, मॅडम? घटक चाचणीत अर्जलेखनाला पाच गुण आहेत. विषय तुमच्या बदलीचा दिला, म्हणून तर पोरांनी जीव ओतला. नाहीतर दरवर्षी पाणीपुरवठा सुरळीत करावा, हेच चाललंय."

"मला जरा वेगळंच सांगायचं होतं."

"समजतंय मला." सरांचे डोळे भरून आले. "तुमच्यावर वरून दबाव आहे. तुम्ही काही बोलू नका. आम्ही आहोत ना."

मॅडमनी तोंड उघडलं. इतक्यात पोरांनी त्यांना घेरलं, गाडीत पेरू ठेवले, आणि त्या आल्या तशा परत गेल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, मावशीकडचं कपाट रिकामं करू की नको, एवढंच सांग."

"सातशे सव्वीस कार्डं शिल्लक आहेत गं."

"मागच्या सोमवारी सहाशे नव्वद होती."

"हो."

"तू त्यांना सांगत का नाहीस? आई, मला तू आठ वर्षं शनिवार-रविवारचीच मिळालीस."

त्या दिवशीच्या गठ्ठ्यात आठवीतल्या रुपाचं कार्ड होतं. ते सरांच्या नमुन्याप्रमाणे नव्हतं. 'तुमच्या आधीच्या साहेबांचं नाव आम्हाला माहीत नाही,' तिने लिहिलं होतं, 'तुमचं माहीत आहे.' या कार्डाला प्रशासकीय बाब असं उत्तर लिहायला त्यांनी तीनदा पेन उचललं.

तीस जुलैला प्रकरण त्यांच्या हातातून पूर्णच गेलं. एवढे अर्ज पाहून जिल्ह्याने सुनावणी लावली. आफताब सरांच्या शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांना नारळ दिला गेला. चारशे मुलं मांडी घालून बसली. हिंमतराव कार्डांची तीन पोती घेऊन साक्षीदारासारखे भिंतीला टेकून उभे होते. रंजिता मॅडमना मधली खुर्ची दिली होती, आणि तिच्यात त्या शक्य तेवढ्या लहान होऊन बसल्या होत्या.

आफताब सर पंचवीस मिनिटं बोलले. मॅडमनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांना कोणीतरी पाणी आणून दिलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "इतका पाठिंबा मी नोकरीत पाहिला नाही. बदलीला स्थगिती द्यावी, अशी शिफारस लिहितो. मॅडमची हरकत नसणारच."

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. त्या थांबल्या, तेव्हा तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी होती. शेजारची तिला खाली ओढत होती. "रुपा, बस ना."

"सायेब," रुपा म्हणाली, "मॅडमले इचारं का कोनी?"

"बेटा, पाहुण्यांसमोर पुस्तकातलं मराठी," आफताब सर हळूच म्हणाले.

रुपाने साहेबांकडे पाठ केली आणि मधल्या खुर्चीकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हाला राहायचं आहे की जायचं आहे?"

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. हिंमतरावांनी पोत्यावरचा हात काढला. आफताब सर उत्तर ठाऊक असल्यासारखे हसत होते. रंजिता मॅडम उठल्या. या वेळी पाणी घेऊन कोणी आलं नाही.

"जायचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला की नाही याची खात्री वाटेना, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "ही बदली मीच मागितली होती, रुपा. मला माझ्या मुलीकडे जायचं आहे."