मुराळ्याचं लायसन

माणिकतात्या रस्त्यावरच्या पाट्यांना उत्तरं देतात. 'पुढे वळण आहे' अशी पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचायची आणि म्हणायचं, "हाव, दिसलं." 'वाहने सावकाश चालवा'ला, "सावकाशच हाय की बाबा." एकदा लोह्याजवळ 'आपला प्रवास सुखाचा होवो' या पाटीला त्यांनी "तुमचाबी" म्हटलं आणि मागं बसलेल्या माझ्या बायकोला हसून हसून ठसका लागला. यात हसण्यासारखं काय, ते तात्यांना कळलं नाही. "शासनानं एवढं लिवलंय गुरुजी, कुणीतरी उत्तर द्यावं का न्हाई?"

तात्या माझे अहमदपूरचे शेजारी. बत्तीस वर्षं सरकारी जीप चालवून निवृत्त झाले. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात ते आणि दारात एक जुनी पांढरी व्हॅन. दोघांपैकी व्हॅन जास्त धुतलेली असते. दुसऱ्याच्या गाडीत बसले की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत राहतो, आणि कुणी मोठ्यानं बोललं की म्हणतात, "कायद्यानं बोला."

या व्हॅनचं खरं काम सणाला निघतं. सासरी गेलेल्या लेकीला सणासाठी माहेरी आणायला जो जातो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. भाऊ नसला तर चुलता, चुलता नसला तर मामा. आमच्या गल्लीत ज्या पोरीला कुणीच नाही, तिचे मुराळी तात्या. समोरच्या शेषाबाईंना नवरा नाही, एकुलती एक लेक सुनीता उमरीला दिलेली. पाच वर्षं झाली, पंचमी असो की दिवाळी, व्हॅन पुसून तात्या उमरीला हजर. शेषाबाई शिदोरी बांधून देतात, आणि तात्या ती वाटेत निम्मी संपवून व्याह्यांना निम्मी देतात.

यंदा मे महिन्यात ते असेच सुनीताला आणायला गेले आणि येताना नांदेडच्या अलीकडं पोलिसांनी गाडी अडवली. लग्नसराईची तपासणी चालली होती. तात्यांच्या हातात मशीन दिलं. तात्यांनी शंख फुंकावा तसं फुंकलं. मशीननं जो आकडा दाखवला तो पाहून शिपायानं त्यांच्याकडं जरा आदरानंच पाहिलं म्हणे. तात्यांनी हात जोडून आधी सुनीताला एसटीत बसवून दिलं, "सासरी यातलं काई सांगू नको," असं बजावलं, आणि मग ठाण्यात जाऊन स्वतःला अटक करून घेतली.

कोर्टात जे व्हायचं ते झालं. त्याचं तात्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण जुलैत लातूरच्या आरटीओकडून नोटीस आली, की आपलं लायसन सहा महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा करा. नोटीस घेऊन तात्या थेट माझ्या ओट्यावर.

"गुरुजी, पंचमी तोंडावर आली. लायसन गेलं तर पोरीला कोण आणील? लिवा खुलासा. म्या दारू पेलोच न्हाई."

"मग काय प्यालात?"

"शिंदी."

शिंदी म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस. उमरीकडं उन्हाळ्यात पाहुण्याला ताक द्यावं तशी देतात.

"ते झाडाचं पाणी हाय. नारळाचं पाणी पेल्यावर कुणाला धरतेत का?"

"किती घेतली?"

"दोन तांबे."

"सकाळची की दुपारची?"

सकाळची शिंदी गोड असते आणि ऊन चढलं की तीच शिंदी माणसाला चढते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तात्या नोटिशीची घडी घालत म्हणाले, "अडीच वाजले असतील. सुनीताच्या सासऱ्यानं स्वतःच्या हातानं तांब्या पुढं केला. व्याह्याचा हात मागं सारायचा का?"

मी खुलासा लिहिला. तात्यांनी सांगितला तसाच लिहिला. 'अर्जदाराने बत्तीस वर्षे शासकीय जीप चालवून एकही कोंबडी मारलेली नाही. शिंदी ही वनस्पती आहे. सबब मशीनमध्ये बिघाड असावा.' मधे मी शहाणपणानं एक ओळ घातली होती, 'व्याह्यांच्या आग्रहास्तव, नकळत सेवन झाले.' तात्यांनी तेवढी ओळ खोडली. तोंडी सांगणार असतील, असं मला वाटलं.

सुनावणीला मी सोबत गेलो. तात्या इस्त्रीचा सदरा घालून, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली टोपी घालून. अधिकारी बाई होत्या, तरुण, शांत. त्यांनी सगळा खुलासा वाचला. कोंबडीपाशी थोडं हसू आलं, ते त्यांनी आवरलं.

"शिंदी कोणी दिली तुम्हाला?"

मी टेबलाखालून तात्यांच्या पायाला पाय लावला. तात्या समोर बघत म्हणाले, "कुणी न्हाई. म्या मागून घेतली."

मी कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी होता. आता सगळा खुलासाच ढासळला. बाईंनी कागदावर काही टिपून घेतलं.

"गाडीत एकटेच होता?"

"न्हाई. लेक हुती."

"लेकीला मागं बसवून, पिऊन गाडी चालवली?"

बाई ओरडल्या नाहीत, साधंच विचारलं. पण तात्यांनी टोपी काढली. झाडाचं पाणी, मशीनचा बिघाड, बत्तीस वर्षं, यातलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. "चुकलं, म्याडम," ते म्हणाले. "द्या सहा महिने."

बाईंनी सहाचे सहा दिले.

परतीच्या एसटीत मला राग आवरेना. व्याह्याचं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? बाईंनी एखादा महिना तरी कमी केला असता.

"व्याह्याला हपिसात बोलावलं असतं गुरुजी. मग त्या घरात सुनीताला रोज कोण बोललं असतं?"

चाकूर मागं पडल्यावर तात्या आपणहून बोलू लागले.

"आमची शेवंता कंधारला दिली हुती. धाकली बहीण. एका पंचमीला साहेबाला घेऊन कंधारला दौऱ्यावर गेलतो. रस्ता तिच्या दारावरूनच. तिनं आमची जीप वळखली. तिला वाटलं, दादा न्यायला आला. आत पळत गेली, पिशवी घेऊन बाहेर आली, नवं लुगडं नेसलेली. साहेब घाईत हुते. म्या थांबलो न्हाई. हॉर्न देल्ला अन् पुढं गेलो. पुढल्या पंचमीला रजा काढली. पण ती न्हाईच ऱ्हायली. बाळंतपणात गेली."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि स्वतःचीच लाज वाटली.

पंचमीला मी माझी गाडी काढतो म्हटलं, तर तात्या ऐकेनात. "मुराळी म्या हाय, तुमी न्हाई." आदल्या दिवशी पहाटेच्या एसटीनं, दोन गाड्या बदलून उमरीला गेले आणि संध्याकाळी सुनीताला घेऊन आले. शेषाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुनीता मात्र प्रवासाला वैतागली होती. माझ्या बायकोला सांगत होती,

"काकू, नांदेडाहून सरळ गाडी लागली हुती, बसायला जागाबी हुती. तात्यानी सोडून देली. म्हणले, कंधारवरून जाऊ. तिथं गाडी धा मिनटं थांबली तर हे उतरून गावात गेले. कंडक्टर बेल मारून राहिला, मी खिडकीतून हाका मारून राहिले, तवा कुठं आले घामाघूम होऊन. म्हणलं, कुठं गेलते? तर म्हणाले, एका दारात सांगून आलो."

"काय सांगून आले?" बायकोनं विचारलं.

"आलो म्हणून."

एवढं बोलून सुनीता हसली आणि मेंदी लावायला आईकडं पळाली.