वठलेला ऐन आणि सुरक्षा सप्ताह

या कथेची तीन रूपे आढळतात. पहिल्या रूपात झाड कुऱ्हाडीने पडते आणि कथा चार वाक्यांत संपते. दुसऱ्या रूपात दोन मुठींची करवत आहे. ती ओढणारे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे झाड शेवटपर्यंत उभेच राहते. हे रूप बहुधा झोप आलेल्या कथेकऱ्यांनी रूढ केले असावे. येथे दिलेले तिसरे रूप सर्वांत अलीकडचे. कुऱ्हाडीच्या कथेत सभा नाही, करवतीच्या कथेत सत्कार नाही. या कथेत दोन्ही आहेत. त्यावरून तिचा काळ ठरवणे अवघड जाऊ नये.

बालमित्रहो, अभ्यासाचा भाग संपला. आता मांडी घालून बसा.

एका जंगलात नियम पुष्कळ होते आणि झाडेही बऱ्यापैकी होती. त्यांतले एक ऐनाचे झाड वठले. पाने गेली, साल सुटली, आणि खोड हळूहळू पूर्वेकडे कलू लागले. पूर्वेला ठकूबाई साळींदरीचे बीळ होते. बिळात तिची चार दिवसांची दोन पिले होती. पुढच्या वादळात झाड पडणार, आणि पडले की बिळावरच पडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्या जंगलात गेनू नावाचे एक अस्वल राहत होते. साखळीच्या दातांनी लाकूड कापणारे यंत्र, ज्याला तोडीवर सगळे नुसते कटर म्हणतात, ते चालवणे हा त्याचा धंदा. वीस वर्षांत त्याने असंख्य झाडे पाडली होती आणि त्याची वीसही नखे शाबूत होती. त्या धंद्यात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्रक नसते.

ठकूबाई त्याच्याकडे गेली.

"गेनूदादा, एवढं झाड काढून द्या. रात्री नुसतं करकरलं तरी पिलांवर पालथी पडते मी. माझेच काटे त्यांना टोचतात."

गेनू झाडापाशी आला. त्याने खोडाभोवती फेरी मारली. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूने, ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला. मान वर करून सुकलेल्या फांद्या बराच वेळ न्याहाळल्या.

"बुंधा भरीव आहे," तो म्हणाला. "कल थोडाच आहे. पाचरी ठोकून उलटं फिरवता येईल. पश्चिमेला माळ मोकळा आहे, तिकडे पाडू."

मग त्याने झाडाच्या मागच्या अंगाला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन तिरप्या वाटा साफ केल्या.

"ह्या कशाला?" ठकूबाईने विचारले.

"पळायला. झाड निघालं की तोडणाऱ्याने निघायचं. एक वाट अडली तर दुसरी."

"तुम्ही पळता?"

"दर वेळी. म्हणून तर इथं उभा आहे."

काम सकाळच्या दोन तासांचे होते. पण मुलांनो, त्याच आठवड्यात जंगलात सुरक्षा सप्ताह भरला होता, आणि सुरक्षा समितीला दाखवण्यासारखे धोकादायक असे काहीच मिळत नव्हते. समितीचे चिटणीस एक उदमांजर होते. मिशांना तेल लावल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. ऐनाची बातमी कळताच ते धावत आले.

"गेनूराव, उत्तम! आदर्श वृक्षतोडीचे प्रात्यक्षिक आपण समारंभपूर्वक करू. बिबटेसाहेब प्रमुख पाहुणे."

ठकूबाईचे सगळे काटे उभे राहिले.

"साहेब, माझी पिलं लहान आहेत हो."

"मग तर त्यांनी अवश्य यावे," चिटणीस म्हणाले. "संस्कार होतात."

समारंभाचा दिवस उजाडला. गेनू कटर खांद्यावर घेऊन आला आणि वाटेतच थबकला.

पश्चिमेच्या मोकळ्या माळावर मंडप उभा होता. जागा मोकळी होती, सपाट होती. मंडपवाल्या सुतारपक्ष्याला आणखी काय हवे असते? मंडपात सबंध जंगल बसले होते. डावीकडच्या तिरप्या वाटेवर रांगोळ्या घातल्या होत्या आणि त्यांवर निमंत्रितांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. उजवीकडच्या वाटेवर सशांचे लेझीम पथक ओळीत उभे होते.

"ही वाट आयती साफ मिळाली," चिटणीस आनंदाने म्हणाले. "कोण पुण्यवान करून गेला कोण जाणे."

गेनूने झाडापाशी ठेवून दिलेले शिरस्त्राणही जागेवर नव्हते. ते बिबटेसाहेबांच्या डोक्यावर होते. त्याला जोडलेल्या कानपट्ट्याही त्यांच्याच कानांवर होत्या, त्यामुळे स्वागतगीत त्यांना अतिशय आवडले. हनुवटीचा पट्टा मात्र त्यांनी बांधू दिला नव्हता. छायाचित्रात जबडा जाड दिसतो, असे त्यांचे मत होते. डोळ्यांवरचा चष्मा अध्यक्ष गव्यांनी घातला होता. हातमोजे सत्काराच्या तबकात होते.

"चिटणीससाहेब, मंडप हलवा," गेनू म्हणाला. "झाड तिकडं पडणार आहे."

"मंडप कसा हलवणार? पत्रिकेत छापलाय! 'ऐनाच्या पश्चिमेस' असे स्पष्ट आहे."

"मग माणसं हलवा."

त्या जंगलात प्राण्यांना माणसे म्हणण्याची पद्धत होती. त्यामुळे कोणाचा काही अपमान झाला नाही आणि कोणी हललेही नाही.

"झाड उलटीकडे पाडा," चिटणीसांनी तोडगा काढला. "ते स्वतःच पूर्वेला कललेय. त्याच्या इच्छेचाही मान राहील."

"पूर्वेला ठकूबाईचं बीळ आहे."

"ते पत्रिकेत नाही."

ठकूबाई बिळाच्या तोंडाशी उभी होती. ती ओरडली, "आत पिलं आहेत माझी!"

"मग काढा की बाहेर. अडवलंय कोणी?"

ठकूबाईने पहिल्या रांगेकडे पाहिले. बिबटेसाहेबांनी तिच्याकडे पाहून सुहास्य केले. दात पुष्कळ होते. ती मागे सरून बिळाच्या तोंडात घट्ट बसली.

"मी नाही कापणार," गेनू म्हणाला आणि कटर जमिनीवर ठेवले.

समिती अशा प्रसंगांसाठी नेहमीच तयार असते. तिच्याजवळ एक वानर होते. त्याचे नाव बंडोपंत. सुरक्षेच्या लेखी परीक्षेत ते जंगलात पहिले आले होते. सतरा नियम त्याला सरळ आणि उलट दोन्हीकडून पाठ होते. कटर त्याने आयुष्यात प्रथमच हातात घेतले, पण छातीवरचा बिल्ला पाहून कोणाला ते विचारावेसे वाटले नाही.

आधी शपथ झाली. सगळ्यांनी पंजे पुढे केले. 'मी स्वतःची आणि इतरांची काळजी घेईन' या वाक्याला एक माकडीण गहिवरली.

मग बंडोपंतांनी दोरी ओढली. सातव्या हिसक्याला यंत्र गुरगुरले आणि टाळ्या पडल्या.

"नियम नववा!" बंडोपंत गर्जले. "पात्याचे टोक लाकडाला लावू नये! यंत्र उसळून तोंडावर येते!" आणि हे म्हणताना त्यांनी पात्याचे टोक नेमके कुठे लावू नये ते लोकांना नीट दिसावे म्हणून खोडाजवळ नेले.

"अरे बाबा, मागे घे!" गेनू ओरडला. "तोंड वाचव!"

"नियम अकरावा! काम करणाऱ्याशी बोलू नये!" बंडोपंत म्हणाले. मंडप हसला.

ते झाडाच्या पूर्व अंगाला गेले. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला आधी खाच घेतात, एवढे त्यांना पाठ होते. त्यांनी पवित्रा घेतला. ठकूबाई तिथून आठ हातांवर होती. ती हलली नाही. तिने डोळे मिटले.

गेनू मंडपाच्या मध्यभागी धावला.

"उठा! झाड पडेल! बीळ चिरडेल, नाहीतर फिरून तुमच्यावर येईल! बाजूला व्हा!"

मग अध्यक्षांनी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

"किती पोटतिडकीने बोलले," निमंत्रितांतली एक मुंगूसबाई शेजारणीला म्हणाली. "नाटकातले असावेत."

"आभार, गेनूराव," चिटणीस ध्वनिक्षेपकावरून म्हणाले. "आपले मनोगत कार्यक्रमात नव्हते, तरी आपण ते थोडक्यात मांडलेत. यानंतर लेझीम."

गेनूने पुन्हा एकदा ओरडून पाहिले. पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी जरा कंटाळलेल्या.

बालमित्रहो, येथे कथेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबायला हवे. खोटी हाक देणाऱ्याची फजिती होते, अशा कथा आपल्याला अनेक ठाऊक आहेत. खरी हाक देणाऱ्याची कोणती सोय आहे, याविषयी परंपरा मौन पाळते. गेनूला परंपरेचा अभ्यास नव्हता. पण त्याने पुष्कळ समारंभ पाहिले होते.

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला,

"नाल्यापलीकडं पंगत बसली!"

त्यानंतर जे घडले ते शिस्तीच्या दृष्टीने सप्ताहातील एकमेव यशस्वी प्रात्यक्षिक होते.

दहा अंक मोजेपर्यंत मंडप रिकामा झाला. ससे लेझीम टाकून पळाले. निमंत्रितांनी खुर्च्या ओलांडल्या, काहींनी निमंत्रितांनाही ओलांडले. अध्यक्ष गवे चष्म्यासकट कनात फाडून निघाले. कोणी रडले नाही, कोणी कोणाला ढकलले असे नंतर कोणी कबूल केले नाही.

"गोड काय आहे?" पळता पळता कोणी विचारत होते.

"बासुंदी असणार, बिबटेसाहेब आहेत!"

वास नव्हता, धूर नव्हता, आचारी तर कोणी पाहिलाच नव्हता. पण समारंभ झाला आणि पंगत झाली नाही, असे त्या जंगलाच्या स्मरणात नव्हते. साहेबांना कानपट्ट्यांमुळे घोषणा ऐकू गेली नाही. मात्र सगळे एका दिशेने पळताहेत म्हणजे तिकडे काहीतरी खायला आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे. तेही झेपावले. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण तिसऱ्याच उडीत गळून पडले.

बंडोपंत शेवटी पोहोचण्याच्या भीतीने, खाच घेण्याआधीच, यंत्र चालूच टाकून गेले होते.

गेनूने आधी यंत्राचा ब्रेक लावला. मग शिरस्त्राण उचलले, धूळ झटकली, घातले आणि हनुवटीखाली पट्टा बांधला. तबकातले हातमोजे घातले. एका वाटेवरच्या खुर्च्या बाजूला केल्या, दुसरीवरची लेझीम गोळा केली. मान वर करून फांद्या पुन्हा पाहिल्या. वारा नव्हता.

"ठकूबाई, आत जा. अगदी आत. मी हाक मारेपर्यंत येऊ नका."

"दादा, तिकडं नाही ना येणार?"

"येऊ देत नाही."

त्याने पश्चिमेच्या अंगाला खाच घेतली, खोडाच्या पाचव्या हिश्श्याएवढी, आणि खाचेचा तुकडा काढून टाकला. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडे वर, दुसरा काप सुरू केला. काप जरा खोल गेल्यावर त्यात पाचरी बसवल्या. पुढे कापत गेला, पण आरपार नाही. मधे लाकडाची एक अरुंद पट्टी त्याने राखली. झाड त्या पट्टीवर दारासारखे वळते. ती कापली की मग झाड कुठे जाईल हे झाडच ठरवते.

यंत्र बंद करून त्याने पाचरी ठोकल्या. एक घाव, दुसरा, तिसरा. ऐन पूर्वेकडून सरळ झाला, क्षणभर विचारात पडल्यासारखा उभा राहिला, आणि कण्हून पश्चिमेला निघाला.

गेनू कटर उचलून डाव्या वाटेने तिरपा मागे गेला. धावला नाही, पण रेंगाळलाही नाही.

झाड मंडपावर पडले. व्यासपीठ, खुर्च्या, सत्काराचे हार आणि 'सुरक्षा सर्वप्रथम' असे लिहिलेला फलक या सर्वांचा एकच थर झाला. आत कोणीही नव्हते. पूर्वेकडे बिळाच्या तोंडाशी चार काटक्या आणि थोडी साल पडली.

"या बाहेर," गेनू म्हणाला.

ठकूबाई दोन्ही पिले पुढे घालून आली. पिलांनी पडलेल्या झाडाकडे पाहिले आणि त्यांना ते फारसे विशेष वाटले नाही. ठकूबाईने काटे मिटवून गेनूच्या पायावर डोके ठेवले.

"काटा लागेल तुम्हाला, दादा," ती एवढेच म्हणाली.

नाल्यापलीकडे जंगल पळसाची पाने मांडून दोन प्रहर बसून होते. तिसऱ्या प्रहरी त्यांना शंका आली. चौथ्या प्रहरी समितीची तातडीची बैठक भरली आणि गेनूला बोलावणे गेले.

"मंडप मोडल्याचे आम्ही मनावर घेत नाही," चिटणीस म्हणाले. भुकेने त्यांच्या मिशा खाली आल्या होत्या. "पण पंगत नसताना पंगत सांगितलीत? लाज वाटली नाही?"

"खोटं बोललो," गेनू म्हणाला. "आधी दोनदा खरं बोललो होतो. त्याला टाळ्या पडल्या."

"म्हणजे आमच्या टाळ्यांचीही कदर नाही!" अध्यक्ष गवे गरजले.

"गोडाचं तरी खरं होतं का?" मागून कोणीतरी आशेने विचारले.

बैठकीत दोन ठराव एकमताने मंजूर झाले. सप्ताहात एकही अपघात न झाल्याबद्दल बिबटेसाहेबांचे मार्गदर्शन, बंडोपंतांचे प्रात्यक्षिक आणि सामुदायिक शपथ यांचे अभिनंदन करण्यात आले. समाजात खोटी पंगत पसरवल्याबद्दल गेनू अस्वलाला तोडीच्या कामावरून कायमचे दूर करण्यात आले.

गेनूने पात्यावर म्यान चढवले, ब्रेक लागल्याची खात्री केली आणि कटर टेबलावर ठेवले. समितीने ते बंडोपंतांना दिले.

तात्पर्य: मुलांनो, खोटे बोलू नये, हे शहाण्यांनी सांगितलेच आहे. म्हणून संकटात आधी खरे बोलावे, टाळ्या संपेपर्यंत थांबावे, आणि मग जेवायला बोलवावे.