चिंगीचं इन्सुलिन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले कर्णिक मांजराला इंजेक्शन देताना सेफ्टी जॅकेट घालतात. रस्त्याची कामं करणारे घालतात ना, पोपटी, चमकत्या पट्ट्यांचं, अगदी तेच. सकाळी अंघोळ, देवपूजा, कपाळाला गंध आणि वर हे जॅकेट! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विरजण मागायला गेले होते, ती विरजण न घेताच परत आले. नवऱ्याला म्हटलं, "कर्णिकांचं काहीतरी बिनसलंय हो." तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "बिनसायला काय झालंय? तो पहिल्यापासून तसाच आहे."

तेही खरंच. कर्णिक इथे दुबईत, जबल अलीच्या एका गोदामात सेफ्टी ऑफिसर आहेत. बाकीची माणसं संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरली की ऑफिस विसरतात, हे ऑफिस घरी घेऊन येतात. यांच्या स्वयंपाकघरात गॅससमोर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. कुणाच्या हातून कप निसटता निसटता वाचला की हे सोफ्यावरून ओरडतात, "नियर मिस!" म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा निरांजनापासून पडदा किती लांब आहे ते यांनी वितीने मोजलं आणि गुरुजींना पाटासकट सरकवलं. गुरुजी 'बर दुबई' भागातले, मुरलेले, त्यांनी हूं की चूं केलं नाही. कर्णिक लायसन्स असून स्वतः गाडी चालवत नाहीत, कारण काय, तर अपघात कसे होतात ते यांना नीट ठाऊक आहे! मग मांजराला क्लिनिकला न्यायचं असलं की "वहिनी, जरा गाडी काढता का?" आहेच.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य. बल्ब बदलायचा असो, गादी उन्हात टाकायची असो, कर्णिक गंभीर चेहरा करून म्हणणार, "हे एकट्या माणसाचं काम नाही."

त्यांची बायको मृणाल माझी मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी गेली बिचारी. तिच्या आजारपणात तिच्या आई सांगलीहून आल्या होत्या, आमच्या सुमनकाकू. मुलगी गेली, दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि त्या फ्लॅटमध्ये उरले जावई, सासू आणि मृणालने पार्किंगमधून उचलून आणलेली मांजर, चिंगी. नाव चिंगी, पण देह असा की दोन्ही हातांनी उचलावा लागे. काकूंचा दूधभात, दुसरं काय.

काकूंची बॅग भरून दाराआड उभी होती. मला म्हणायच्या, "मुलगी होती तोवर ठीक गं. आता जावयाच्या घरात कुठल्या तोंडाने राहू? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "काकू, इथे लोकांना बोलायला वेळ आहे कुठे?" पण त्यांचं ठरलं होतं. सांगलीला घराला कुलूप होतं. मुलगा नाही, सख्खं असं कुणी नाही. तरी जायचंच.

तेवढ्यात चिंगी आजारी पडली. सारखी पाणी प्यायची, सारखी तिची वाळूची पेटी भिजवायची, खायची बकासुरासारखी आणि तरी दिसामाशी वाळत चालली. डॉक्टरने रक्त तपासलं आणि सांगितलं, मधुमेह.

"अगं बाई! मांजराला मधुमेह?" काकू म्हणाल्या. "तिने मेलीने कधी जिलबी हुंगलीसुद्धा नाही!"

माझी लेक तिथेच मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. "आजी, कॅट्स गेट इट टू. इट्स द पॅन्क्रिआस."

"ते काय असतं?"

"पोटातलं स्वादुपिंड हो," मी म्हटलं. "ते थकलं की साखर पचवणारं इन्सुलिन पुरत नाही. मग आपण बाहेरून द्यायचं. सकाळ-संध्याकाळ." दूधभात त्या दिवसापासून बंद.

कर्णिकांनी सुई हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि जाहीर केलं, "हे एकट्या माणसाचं काम नाही. आई, चिंगी बरी होईपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल." काकू मान डोलावून आत गेल्या. बॅग कपाटावर चढली.

आता खरं सांगू? माझ्या जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात एक फिलिपिनो मुलगी आहे. ती आपल्या बोक्याला एकटी इंजेक्शन देते. बोका खाण्यात गुंग असतो आणि ही एका हाताने टोचून मोकळी! मी कौतुकाने हे कर्णिकांना सांगायला गेले, तर ते एकदम दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, असलं काही आईंसमोर बोलू नका. घातक पद्धत आहे." मी मनात म्हटलं, काय हा माणूस!

मग रोजचा सोहळा सुरू झाला. काकूंसाठी नारिंगी जॅकेट आलं, स्मॉल साइज. सुती पातळावर ते जॅकेट घालून काकू उभ्या राहिल्या की मला तोंडात पदर कोंबावासा वाटे, आणि मी तर पदरही घेत नाही. कर्णिक कामाआधी सूचना देणार. "आजचं काम, इन्सुलिन. धोका, नखं आणि सुई. चिंगीने खाल्लं?"

"खाल्लं."

"वाटी रिकामी?"

"चाटूनपुसून."

मग काकू मान धरणार, कर्णिक कातडी चिमटीत उचलून सुई टोचणार, काकू म्हणणार, "झालं गं बाई, झालं." त्यानंतर दोघांचा चहा. त्या चहाला दोघं बोलायचे, मृणालच्या लहानपणाचं वगैरे. दार उघडं असलं तर मला हसणंही ऐकू यायचं. एरवी ते घर गप्प असे.

दाराजवळ खिळ्याला मधाची छोटी बाटली टांगलेली, वर लाल पट्टी. इन्सुलिन जास्त झालं, साखर खाली गेली, तर हिरड्यांना मध चोळायचा. कर्णिकांनी आमच्या सगळ्यांकडून याची तालीम करून घेतली होती. माझ्या नवऱ्यालासुद्धा सोडलं नाही. तो बिचारा उशीला मध चोळून आला.

एका रविवारी दुपारी काकूंनी आमचं दार बडवलं. धावत गेले तर चिंगीचे पाय फाकलेले, मान लटपटतेय आणि बघता बघता ती फडक्यासारखी आडवी झाली. आणि इतक्या तालमी घेणारे कर्णिक? हातात मोबाईल धरून भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. "मृणालच्या वेळेसही मी असाच..." एवढंच पुटपुटत होते.

काकूंनी बाटली ओरबाडली, बोट मधात बुडवलं आणि चिंगीच्या गालात घातलं. "जावईबापू, खाली बसा. मांडी घाला. डोकं धरा तिचं." कर्णिक बसले. डोकं धरलं. काकू चोळत राहिल्या, "ऊठ गं माझे बाई, ऊठ." थोड्या वेळाने चिंगीने जीभ बाहेर काढली आणि मध चाटला. काकू तेव्हा रडल्या. मीही.

मी गाडी काढली. डॉक्टरने चिंगीला ठेवून घेतलं आणि आम्ही दोघं तिला आणायला गेलो त्या दिवशी कर्णिकांच्या पाठीवर अभिनंदनाची थाप मारली. डॉक्टर इजिप्शियन, मोठा गमत्या. "मबरूक, हबीबी! हर पॅन्क्रिआस इज वर्किंग. इन्सुलिन खलास!" चिंगीचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागलं होतं. मांजरांमध्ये असं होतं म्हणे कधीकधी. म्हणून तर आपला नेहमीचा डोस तिला जास्त झाला. आता मधूनमधून शुगर तपासली की पुरे.

मला कोण आनंद झाला! कर्णिक मात्र पिंजरा मांडीवर घेऊन गाडीत त्याची कडी पुन्हापुन्हा तपासत बसले. लिफ्टमध्ये म्हणाले, "वहिनी, आईंना हे सांगायचं नाही."

"अहो, का पण?"

"चिंगी बरी झाली म्हटलं की त्या बॅग काढतील." मग पिंजरा सावरत म्हणाले, "संध्याकाळी बेल वाजवली की दार उघडायला कोणीतरी असतं, वहिनी. मला किल्ली लावून त्या घरात नाही शिरायचं."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत. पण गप्प बसले. दोन्ही वेळ जॅकेट, सूचना, वाटी रिकामी, "झालं गं बाई", सगळं तसंच चालू राहिलं.

परवा काकू माझ्याकडे मेथी निवडायला बसल्या होत्या. मी आपलं सहज विचारलं, "चिंगी काय म्हणते?"

"ठणठणीत."

"आणि इंजेक्शन?"

"चालू आहे की." काकूंनी एक काडी मोडली आणि खाली बघूनच म्हणाल्या, "सुईचं टोपण काढत नाहीत ते. आत औषधही नसतं."

माझ्या हातातली जुडीच खाली पडली. "म्हणजे तुम्हाला माहितीये?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय गं माझं. चांगलं दिसतं."

"मग बोलला कशा नाहीत?"

"बोलले तर जायला नको का मला? कुणासाठी उघडू ते सांगलीचं कुलूप?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच मेथी पुढे ओढली. "मृणालशी बोलल्यासारखं वाटतं गं त्यांच्याशी बोलताना."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. कर्णिक उंबऱ्यात उभे, अंगात पोपटी जॅकेट, हातात नारिंगी. "आई, वेळ झाली."

"आले, आले," म्हणत काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. जॅकेट चढवून त्यांनी गळ्यापर्यंत चेन ओढली आणि माझ्याकडे वळून, कर्णिकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जाते बाई. एकट्या माणसाचं काम नाही ते."