रोवेनाचं परीवन

माजिवड्याच्या गिल्बर्ट परेरा यांच्या एकुलत्या एक मुलीचं, रोवेनाचं, लग्न ठरलं ही आनंदाची गोष्ट होती. ते मे महिन्यात ठरलं, हेही समजण्यासारखं होतं. सुट्ट्या असतात, नातेवाईक सापडतात. परंतु चर्चमधला विधी आटोपल्यावरचा समारंभ उघड्यावर, भर उन्हात आणि पऱ्यांच्या राज्यात होणार असं रोवेनाने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा गिल्बर्टने चमचा खाली ठेवला.

"पऱ्यांच्या राज्यात म्हणजे कुठे?" गिल्बर्टने विचारलं.

"आपल्याच वाडीत, डॅडी. फेअरी थीम. जंगल, धुकं, बसायला मशरूम. मी परी, ओवेन जंगलाचा राजकुमार."

नवरदेव ओवेन कल्याणला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. राजकुमार व्हायला त्याने हरकत घेतली नव्हती. त्याला विचारलं नव्हतं.

"आणि आम्ही गो?" आई मॅग्डलीनने विचारलं.

"तुम्ही एल्डर फेअरीज. पंख छोटेच आहेत, ममी, टेन्शन नको घेऊ."

परेऱ्यांची वाडी म्हणजे घरामागचा मोकळा तुकडा. तिन्ही बाजूंनी टॉवर उठले होते, चौथ्या बाजूने हायवेचा आवाज यायचा, आणि मधोमध गिल्बर्टच्या वडिलांनी लावलेलं जांभळाचं झाड उभं होतं. गिल्बर्टचं स्वतःचं लग्न याच झाडाखाली झालं होतं. त्या लग्नाची थीम लग्न हीच होती.

परीराज्याचं काम डोंबिवलीच्या दिपेशकडे गेलं. दिपेश हा 'स्वप्नपंख इव्हेंट्स'चा मालक असून त्याच्या कार्डावर 'ड्रीम आर्किटेक्ट' असं छापलेलं होतं. त्याने वाडीला एक चक्कर मारली, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तीतून पाहिलं आणि मान हलवली.

"लोकेशन एक नंबर आहे, अंकल. फक्त जंगलाचा फील येत नाही."

"समोर झाड आहे की."

"तोच तर इश्यू आहे ना! एकच झाड, ते पण सेंटरला. आणि खरं सांगू? ते खरं वाटत नाही." दिपेशने एक पान बोटाने पुसून दाखवलं. "बघा, धूळ. फोटोत डल येणार. आपण आपली झाडं लावू. फायबरचं खोड, प्लॅस्टिकची पानं. एकदम नॅचरल."

"लावा की मग. याचं काय अडतंय?"

दिपेशने वर पाहिलं, मग खाली पाहिलं आणि मोठ्या ऑपरेशनची बातमी देणाऱ्या डॉक्टरसारखा आवाज खाली आणला. "अंकल, कार्पेट व्हाइट आहे. मॅडमचा गाऊन व्हाइट आहे. आणि हे झाड, सॉरी टू से, जांभळं टाकतं."

रोवेनाचा चेहरा उतरला. तिने मोबाइलवर परीवनाचं चित्र पुन्हा पाहिलं. पांढरंशुभ्र, कुठेही डाग नाही.

"लग्न एकदाच होतं, डॅडी," ती हळूच म्हणाली.

"आणि जांभूळ?"

"जांभळं काय, दरवर्षी येतात."

हा युक्तिवाद कुठेतरी लंगडा आहे असं गिल्बर्टला जाणवलं, पण नेमका कुठे ते सापडेना. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्याने फार शोधलंही नाही. त्या संध्याकाळी तो झाडाखाली खुर्ची टाकून बसला. मॅग्डलीनने मीठ लावून वाटीभर जांभळं आणून ठेवली. त्याने ती खाल्ली नाहीत.

झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून गिल्बर्ट सरकारी हरित कक्षात गेला. तिथले प्रमुख शिवराम घाडीगावकर हे अत्यंत सचोटीचे अधिकारी होते. ते लाच घेत नसत. ते फोटो घेत. कक्षाला वृक्षारोपणाचं उद्दिष्ट होतं, उद्दिष्टाला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे फोटो.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"मुलीचं लग्न. पऱ्या येणार आहेत."

साहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. शासकीय सेवेत त्यांनी याहून विचित्र कारणं मंजूर केली होती. "तोडू शकता. मात्र मोबदल्यात नवीन झाडं लावावी लागतील. भरपूर. आधी ती दाखवा, मग हे तोडा."

"मे महिन्यात रोपं कशी जगतील, साहेब?"

"ती जगत नाहीत, हीच आमची अडचण आहे," साहेब खिन्नपणे म्हणाले.

तोडगा दिपेशला सुचला. त्याने साहेबांना थेट वाडीतच बोलावलं. तोवर जांभळाभोवती निम्मं परीवन उभं राहिलं होतं. साहेबांनी एका खोडावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

"प्लॅस्टिक आहे," साहेब म्हणाले.

गिल्बर्टच्या मनात क्षणभर आशा जागी झाली. "हो ना, साहेब! ही काय झाडं झाली?"

"असं एकदम म्हणता येणार नाही, परेरा. निकष काय आहेत? उंची आहे. हिरवेपणा आहे. पाणी किती लागतं हो?"

"झिरो, सर," दिपेश म्हणाला.

"म्हणजे दुष्काळातही टिकणारी जात. पानगळ?"

"गॅरंटी आहे सर, पाच वर्षं."

साहेबांचे डोळे भरून आले. दर पावसाळ्यात त्यांनी हजारो रोपं लावली होती आणि दर हिवाळ्यात त्यांच्या मृत्यूचा खुलासा लिहिला होता. संपूर्ण जगणारी लागवड ते सेवेत प्रथमच पाहत होते. "जिवंत झाडांचं काय असतं, परेरा," ते गहिवरून म्हणाले, "ती मरतात. मग उत्तरं मला द्यावी लागतात." त्यांनी प्रत्येक झाडाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी जांभूळ पडलं. करवत चालू असेपर्यंत गिल्बर्ट घरात टीव्हीचा आवाज मोठा करून बसला होता. टीव्हीवर कुठला कार्यक्रम चालू होता ते त्याला सांगता आलं नसतं.

लग्नाच्या दिवशी चर्चमधला विधी सुरेख झाला. तिथे छप्पर होतं. मग वऱ्हाड परीवनात आलं. वेळ दुपार टळतानाची होती, कारण त्या वेळचा उजेड फोटोला चांगला असतो असं दिपेशचं म्हणणं होतं. उजेड खरोखरच चांगला होता. तो प्लॅस्टिकच्या पानांमधून चाळणीतून पडावा तसा सगळ्यांच्या डोक्यावर पडत होता. पानं तापून त्यांना नव्या बादलीसारखा वास सुटला. धुक्याचं यंत्र सुरू झालं, तेव्हा गरम हवेत ओल मिसळली आणि पाहुण्यांना आपण इडल्या असल्याचा भास होऊ लागला.

ओवेनचे काका ज्युलियस मशरूमवर बसले. मशरूम थर्माकोलचं होतं. काकांना उठवायला राजकुमाराला धावावं लागलं. मखमली अंगरख्यातून त्याला इतका घाम सुटला होता की काकांचा हात दोनदा निसटला. एल्डर फेअरी मॅग्डलीनचे पंख गोंद वितळल्यामुळे कमरेपर्यंत घसरले आणि तिथेच राहिले.

यानंतर जे घडलं ते कोणी ठरवलं नव्हतं. धुक्याच्या यंत्रासाठी पाण्याचा टँकर आणून कुंपणापाशी उभा केला होता. त्या टँकरला सावली होती. आधी एक आजी तिथे जाऊन उभी राहिली, मग तिच्या दोन सुना, मग बँडवाले. पाहता पाहता सगळं वऱ्हाड टँकरला चिकटून उभं राहिलं. सावली सरकली की वऱ्हाड सरके. शेवटी केकही तिथेच आणला गेला. कोणीतरी सुचवलं, टँकर मधोमध घ्या. ड्रायव्हरने सांगितलं, "कार्पेट खराब होईल, मॅडम," आणि नकार दिला.

रोवेना मात्र फोटोसाठी परीवनात एकटी उभी होती. चेहऱ्यावरची चमकी ओघळून हनुवटीला आली होती.

"डॅडी, चक्कर येतेय रे," ती पुटपुटली.

गिल्बर्टने कोट काढला आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर छतासारखा धरला. तिने डोळे मिटले आणि कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं.

"अंकल, प्लीज फ्रेमच्या बाहेर या!" फोटोग्राफर ओरडला.

"नाही येत," गिल्बर्ट म्हणाला. लग्न ठरल्यापासून त्याने दिलेला हा पहिला नकार होता.

दुसऱ्या दिवशी दिपेश झाडं न्यायला टेम्पो घेऊन आला. विठ्ठलवाडीला दुसरं परीलग्न होतं. त्याने पहिल्या झाडाला हात घातला तोच घाडीगावकर साहेब फाटकातून आत आले.

"थांबा! ही मोबदल्याची झाडं आहेत. उपटलीत तर गुन्हा दाखल होईल."

"सर, माझा माल आहे हा!"

"वृक्ष कोणाच्या मालकीचे नसतात," साहेब म्हणाले. "ते पुढच्या पिढीचे असतात."

या प्लॅस्टिकच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. दिपेशने टेम्पो रिकामा वळवला. परीवनाला पाटी लागली, आदर्श लागवडीचं पारितोषिकही मिळालं. अट एवढीच होती की, तपासणी असेल त्या सकाळी गिल्बर्ट झाडांना पाणी घालताना दिसला पाहिजे. पाणी घालून उपयोग नाही हे साहेबांनाही मान्य होतं, पण फोटोत पाइप लागतो. रोवेना कल्याणहून माहेरी आली की बापाच्या हातातला पाइप काढून घेते आणि स्वतः उभी राहते. परवा तिने एक रोप आणलं होतं, जांभळाचं. ते लावायला वाडीत जागा उरलेली नाही. परीवनात कुदळ मारायला परवानगी नाही. रोप सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

मधे कोणीतरी पाणी घालणाऱ्या गिल्बर्टचा व्हिडिओ काढला. मागे बासरी लावली आणि वर लिहिलं, 'टॉवरच्या जंगलात जंगल जपणारा माणूस'. तो लाखो लोकांनी पाहिला. तुम्हीही पाहिलात. खाली तुमची कमेंट आहे, हिरव्या हृदयासकट: 'अशी माणसं आता राहिली नाहीत.' त्या वेळी तुम्ही सोसायटीच्या सभेत बसला होता आणि पार्किंगसाठी गेटजवळचा गुलमोहर काढावा की नाही यावर मतदान चाललं होतं. मोबाइल तुमच्या डाव्या हातात होता. उजवा वर होता.