बुधवारचे चाळीस पैसे

धंद्याच्या रकान्यात विरुपाक्षाने वळणदार अक्षरात ‘विद्यार्थी’ असे लिहिले आणि पतपेढीचे कारकून बाबामियाँ यांनी ते तितक्याच वळणदार रेघेने खोडले.

“शिकनं हा पेशा न्हाय, मियाँ. त्यात पैसे जातेत. ज्यातनं येतेत, त्यो पेशा.”

“पेपर वाटतो की, चाचा.”

“किती पडतेत हातात?”

“महिना बारा रुपये.”

“आन कायदा म्हंतो, तीस रुपयाच्या आत आमदनी असंल तर कर्ज न्हाय.” बाबामियाँनी चष्मा कपाळावर चढवला. निजामाच्या काळात उर्दूत अर्ज भरण्यात त्यांची हयात गेली होती. आता अर्ज मराठीत आले होते आणि हिशेब नव्या पैशांत, पण नियमाच्या बाबतीत चाचा जुनेच राहिले होते.

विरुपाक्षाला नव्वद रुपये हवे होते, तेही सायकलसाठी. सोलापूरच्या गाडीने आलेले पेपर नळदुर्गात टाकायचे आणि मग जळकोटपर्यंतच्या गिऱ्हाइकांना पायी पोचवायचे, हा त्याचा रोजचा क्रम. परत येताना ट्रकवाल्याने घेतले तर शाळा वेळेवर, नाही घेतले तर दुसऱ्या तासाला. हेडमास्तरांनी बजावले होते, आणखी तीनदा उशीर झाला तर मॅट्रिकच्या फॉर्मवर सही मिळणार नाही. पेपर सोडावेत तर फी कुठून भरायची? वीरभद्राच्या दुकानात एक जुनी सायकल टांगलेली होती आणि विरुपाक्षाचे मॅट्रिक तिच्या कॅरिअरला बांधलेले होते.

“दुसरं काय मिळतं का तुला?” बाबामियाँनी विचारले. माणूस नियमाचा असला तरी दगड नव्हता.

“दुसरं म्हणजे... जेवण मिळतं.”

ते खरेच होते. विरुपाक्षाने सात घरी वार लावले होते. एकेका वारी एकेका घरी दोन वेळचे जेवण. बदल्यात त्या घरची पत्रे लिहायची, पोरांचा अभ्यास घ्यायचा, दळण आणून द्यायचे.

“म्हंजे काम करून खातूस!” बाबामियाँ खूश झाले. “मग ती आमदनीच हाय. बोल, कुन्या घरी काय वाढतेत? दर लावू.”

पाच घरांचे भाव सरसकट साठ पैसे रोज ठरले. सोमवारच्या चन्नम्मांकडे भाकरीवर तूप असे, म्हणून नव्वद. बुधवार आला तेव्हा विरुपाक्ष जरा अडखळला. बुधवार धुरपताबाईंचा. म्हातारी एकटी, विधवा.

“बुधवारी एकच भाकरी. वर चटणी,” तो हळूच म्हणाला.

“चाळीस.”

चार आठवड्यांचा महिना धरून जेवणाचे सतरा रुपये वीस पैसे झाले. पेपरचे बारा मिळवून एकोणतीस वीस. ऐंशी पैसे कमी!

“गुरुवारी पंचांची बैठक हाय,” बाबामियाँ म्हणाले. “तवर कुठनं तरी ऐंशी पैशाचं खा.”

नियमाप्रमाणे अर्जाची नक्कल त्यांनी बाहेरच्या फळीवर डकवली. खाली लिहिले, ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे.’ हरकती घेण्यात आपला गाव कधीच मागे नसतो.

पहिली हरकत चन्नम्मांचे यजमान महालिंगप्पा यांची. त्यांचे धान्याचे दुकान होते, आणि घरातले तूप लवकर का संपते हे कोडे त्यांना वर्षभर सुटत नव्हते. ते फळीवर सुटले. सोमवारी विरुपाक्षाच्या ताटात कोरडी भाकरी आली. चन्नम्मा पदर तोंडाला लावून एवढेच म्हणाल्या, “काय करू बाळा, तुझ्या अर्जानं घात केला बघ.”

महालिंगप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. व्यवहाराला चोख माणूस! पतपेढीत जाऊन त्यांनी नव्वदाचे साठ करून घेतले. “माझ्या नावावर खोटा आकडा नको,” म्हणाले. उत्पन्न अठ्ठावीस रुपयांवर आले. विरुपाक्ष आता दोन रुपयांनी बुडाला होता, आणि इतक्या प्रामाणिकपणे बुडालेला माणूस त्या पतपेढीने पाहिला नव्हता.

तूप गेल्याचे दुःख चन्नम्मांना एकट्याने सोसवेना. त्या सांत्वनासाठी धुरपताबाईंकडे गेल्या आणि ते त्यांनी असे मिळवले: “तूप गेलं तरी आमचं साठ हाय हो. तुमचं चाळीसच लावलंय.”

बुधवारी मधल्या सुट्टीत विरुपाक्ष धुरपताबाईंच्या दारात पोचला, तर बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी होती.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठं, मावशी?”

“कचेरीत.”

त्यांनी त्याचे मनगट जे धरले ते पतपेढीच्या टेबलापाशीच सोडले. पाटी बाबामियाँच्या वहीवर आदळली.

“माझ्या घरात चाळीस पैशाचं जेवान असतंय, हे कुनी लिवलं?”

“लिवलं म्या,” बाबामियाँ वही ओढून घेत म्हणाले. “सांगितलं ह्यानं.”

म्हातारीने विरुपाक्षाकडे पाहिले. त्याला जमीन दुभंगेल तर बरे असे झाले.

“मावशी, मी तुमच्याकडं एकच भाकरी खातो. म्हणून तेवढंच सांगितलं.”

“आन एकच का खातूस?”

विरुपाक्ष पाटीवरचे फडके सारखे करू लागला.

“बोल की! माझ्या हाताला चव न्हाय?”

“तसं न्हाय, मावशी. तुमच्या डब्यात पीठ तळाशी असतंय. मला दिसतं. तुम्हाला पुरावं म्हणून मी...”

“आरं मुडद्या!” धुरपताबाई कडाडल्या, पण आवाज मध्येच चिरकला. “तू एका भाकरीवर उठतूस म्हनून म्या पीठ कमी दळते! एकल्या जिवाला लागतंय किती? वरीसभर वाटतंय, लेकराला माझं जेवान गोड लागत न्हाय. कोठीत जवारीचं पोतं तसंच पडलंय माझं!”

वर्षभर तो तिच्यासाठी उपाशी उठत होता आणि ती त्याच्यासाठी मनातल्या मनात झुरत होती. बाबामियाँनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसला.

“बस खाली,” म्हातारीने फर्मावले. “आन बाबामियाँ, तुमी लिवा.”

तिने फडके काढले. चार भाकरी, वांग्याचे भरीत, शेंगाची चटणी, लोण्याचा गोळा, गूळ आणि गाडगेभर ताक. विरुपाक्ष पतपेढीच्या बाकावर, व्याजाच्या दरांच्या पाटीखाली मांडी घालून बसला आणि वर्षभराची भूक काढल्यासारखा जेवला. तो खात होता आणि चाचा मांडत होते. रातच्याला एवढेच पुन्हा वाढीन, असे बाईंनी पंचनाम्यात घालायला लावले. सगळे मिळून पंच्याऐंशी पैसे भरले.

“नव्वद पायजे,” चाचा हळहळले. “पाच कमी पडतेत.”

“कांदा धरला का?”

“कांद्याचे कोन पैसे घेतं, बाई?”

धुरपताबाईंनी कमरेचा कांदा काढला, टेबलावर ठेवला आणि एका बुक्कीत फोडला. दौत हवेत उडाली. “खानावळीत असा फोडून कोन देतं?”

बाबामियाँनी शाई टिपली आणि कांद्यापुढे पाच लिहिले. एकूण तीस रुपये बरोबर! विरुपाक्षाने जो सुस्कारा सोडला तो बाहेर फळीपर्यंत ऐकू गेला असावा. लगोलग जामिनाच्या जागी म्हातारीने अंगठाही उठवला.

“आता राहिला पेशा,” बाबामियाँ म्हणाले.

“विद्यार्थी लिहा ना, चाचा. आता तर उत्पन्न बसलं.”

“कायदा काय म्हंतो? निम्म्याहून जास्त आमदनी ज्यातनं, त्योच पेशा. पेपरचे किती?”

“बारा.”

“आन जेवनाचे?”

“अठरा.”

चाचांनी टाक बुडवला आणि खोडलेल्या ‘विद्यार्थी’च्या वर लिहिले, ‘जेवणे’.

गुरुवारी अर्ज पंचांपुढे वाचला गेला. कुणी हसले नाही, कारण आकडे बरोबर होते. एका वयस्कर पंचाने मात्र, असल्या धंद्यात आणखी एका माणसाची सोय होईल का, एवढे विचारून घेतले. कर्ज मंजूर झाले. शुक्रवारी वीरभद्राने सायकल खाली उतरवली. पुढच्या महिन्यात विरुपाक्ष एकदाही उशिरा आला नाही आणि हेडमास्तरांनी फॉर्मवर सही केली, तीही स्वतः बोलावून.

दोन महिने हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्या महिन्यात तो पडेल चेहऱ्याने पतपेढीत आला.

“चाचा, शिवरात्र बुधवारी आलीय. उपवास करू का? त्या दिवशी जेवलो न्हाय तर उत्पन्न तीसच्या आत जाईल.”

बाबामियाँनी बराच विचार केला. वही उघडली, नियम पाहिले, वही मिटली. “जामिनाला इचार.”

तो धुरपताबाईंकडे गेला. त्यांनी आधीच वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, दूध आणि गुळाचे लाडू मांडून ठेवले होते.

“कर की उपास,” त्या म्हणाल्या. “बस. आन त्या बाबामियाँला जाऊन सांग, ह्या बुधवारचा सव्वा रुपाया लिव म्हनावं.”